मुक्काम किती दिवस?

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर दहा वर्षांची मुदत छापून येते, आणि ती वाचून पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं की आता दहा वर्षं काळजी मिटली. प्रत्यक्षात त्या दहा वर्षांत दारापर्यंत यायला हरकत नाही, एवढंच त्या कागदात म्हटलेलं असतं. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारण सहा महिने मिळतात. ती तारीख व्हिसाच्या चकचकीत पानावर कुठेच नसते. ती ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते, आणि विमानानं येणाऱ्यांच्या हातात ही नोंद २०१३ पासून कागद म्हणून पडत नाही. संगणकावर आपणच जाऊन बघायची. कित्येक जण बघत नाहीत. व्हिसा अजून सात वर्षं चालू आहे या भरवशावर राहतात, आणि मुक्कामाची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

व्हिसाच्या कायद्याला दोन प्रकारची माणसं नीट कळतात. एक पर्यटक: आठ-दहा दिवस येतो, फोटो काढतो, जातो. दुसरा स्थलांतरित: कायमचं यायचं म्हणतो, तसा अर्ज करतो, वर्षानुवर्षं रांगेत थांबतो. या दोघांच्या मध्ये जो आहे त्याचं काय करायचं, हे मात्र कायद्याला अजून सुचलेलं नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जाऊन-येऊन राहणारे आईवडील, हिवाळा उबदार देशात काढणारे पेन्शनर, दुसऱ्या देशातल्या माणसाच्या प्रेमात पडलेला कुणी, आजारी भावाच्या उशाशी बसायला आलेली बहीण, लॅपटॉपवर तिसऱ्याच देशातली नोकरी करणारा तरुण. यांतल्या कुणालाही तिथं कायमचं राहायचं नसतं आणि कुणालाही आठ दिवसांत परतायचं नसतं. अर्जात भेटीचं कारण विचारणाऱ्या रकान्यात पर्यटन, व्यवसाय, कुटुंबभेट अशा चौकटी असतात. त्यातल्या एकीवर खूण करायची आणि उरलेलं आयुष्य चौकटीबाहेर ठेवायचं.

मी स्वतः बरीच वर्षं या मधल्या लोकांत मोडतो. वेगवेगळ्या देशांच्या खिडक्यांसमोर उभं राहून माझ्या एक लक्षात आलंय, की प्रश्न कितीही विचारले तरी ते दोनच असतात. किती दिवस राहणार? आणि कशासाठी? पहिला हिशेबाचा आहे. दुसऱ्यात तुमच्या मनात काय आहे ते ओळखायचा प्रयत्न असतो. लोक तक्रार करतात ती बहुधा पहिल्याबद्दल. मला त्याचं फारसं वावडं नाही. खरी गोम दुसऱ्यात आहे.

हिशेबाचं आधी उरकून टाकू. त्यातला सगळ्यात नामांकित हिशेब शेंगेनचा, म्हणजे आपापसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ऐकायला सोपं वाटतं, पण यातले १८० दिवस कुठल्या ठरलेल्या तारखेला सुरू होत नाहीत. रोज, त्या त्या दिवशी उभं राहून मागच्या १८० दिवसांकडे बघायचं आणि त्यांत आपण किती दिवस आत होतो ते मोजायचं. उतरण्याचा दिवस धरायचा, निघण्याचा दिवसही धरायचा. रात्री पावणेबाराला विमान टेकलं तरी तो अख्खा दिवस खर्ची पडला. ऑक्टोबर २०१३ पूर्वी हा नियम ‘पहिल्या प्रवेशापासून सहा महिन्यांत तीन महिने’ असा होता, आणि त्यातून पळवाटा निघत. त्या बुजवायला हा सरकता हिशेब आला.

आणि हा सगळा हिशेब देशागणिक वेगळा नाही. आता २९ देश मिळून एक मुलूख धरला जातो. फ्रान्समध्ये दोन महिने काढून इटलीत गेलं की घड्याळ नव्यानं सुरू होतं, अशी समजूत असणारे अजून भेटतात. पूर्वी नव्वद दिवस भरत आले की लोक क्रोएशियात जाऊन बसायचे, तिथले दिवस मोजले जात नसत. १ जानेवारी २०२३ ला क्रोएशिया शेंगेनमध्ये गेला. मग रोमेनिया-बल्गेरिया उरले होते, तेही २०२५ च्या सुरुवातीला जमिनीच्या सीमांसह पूर्ण आत आले. बाहेर जाऊन दिवस काढायच्या जागा अशा एकेक करून कमी होत चालल्यात.

याचा सर्वांत मोठा धक्का कुणाला बसला असेल तर ब्रिटिशांना. स्पेनच्या किनाऱ्यावर किंवा फ्रान्सच्या खेड्यात घर घेऊन अर्धं वर्ष तिथं राहणारे हजारो लोक होते, आणि त्यांना दिवस मोजायची सवयच नव्हती. ३१ डिसेंबर २०२० ला ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ संपला आणि तिथं रहिवासी म्हणून नोंद न केलेले हे घरमालक दुसऱ्या दिवसापासून इतर परदेशी पाहुण्यांच्या रांगेत आले. घर वर्षभर तिथं राहू शकतं, त्याचा कर वर्षभर भरावा लागतो, मालकाला मात्र सलग नव्वद दिवसच. जगातल्या बहुतेकांनी जन्मभर जे सोसलं ते यांना उतारवयात शिकावं लागलं, म्हणून मला थोडी मजा वाटली हे लपवत नाही. पण सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या अंगणात किती दिवस उभं राहता येईल ते कॅलेंडर बघून ठरवावं लागतं, यात हसण्यासारखंही फार नाही.

दिवस चुकले तर काय, याची उत्तरंही प्रत्येक देशाच्या स्वभावाप्रमाणे. थायलंडमध्ये जादा राहिलेल्या दर दिवसाला ५०० बाट, आणि कमाल २०,००० बाट. वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केल्यासारखा दंड भरून निघायचं. त्यामुळे कित्येकांनी ओव्हरस्टे कधी मनावरच घेतला नाही. २०१६ च्या मार्चपासून तिथं बंदीचं कोष्टक आलं: आपणहून विमानतळावर हजर झालात आणि नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहिला असाल तर एक वर्ष, आणि मग चढत चढत दहा वर्षांपर्यंत. पण हजर होण्याआधी रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर थोड्या दिवसांच्या चुकीलाही पाच वर्षं. अमेरिकेत मुदतीपेक्षा एक दिवस जास्त झाला तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या पुढे गेला आणि मग देश सोडला तर तीन वर्षं परत यायचं नाही, वर्षाच्या पुढे गेला तर दहा वर्षं. १९९६ च्या कायद्यानं हे आणलं. ऑस्ट्रेलिया आणखी शहाणा: काही व्हिसांवर तो आधीच ‘८५०३’ हा आकडा टाकून ठेवतो. अर्थ असा, की इथं आल्यावर पुढे राहण्यासाठी दुसरा व्हिसा मागायचाच नाही, अगदी मोजक्या अपवादांखेरीज.

हे कडक आहे, पण उघड आहे. आकडा माहीत असतो, मोजता येतो, आणि चूक झाली तर ती चूक आहे हे दोन्ही बाजूंना दिसतं. दुसऱ्या प्रश्नाशी गाठ पडते तेव्हा ही सोय उरत नाही.

थायलंडच्या व्हिसा रनचंच बघा. मुदत संपत आली की मिनीव्हॅनमध्ये बसायचं, सीमेपर्यंत जायचं, पलीकडे शिक्का मारून घ्यायचा, त्याच दिवशी परत. नवा शिक्का, नवी मुदत. यावर एक धंदाच उभा राहिला होता. नियमाच्या अक्षराला यात काही धक्का लागत नव्हता. तुम्ही बाहेर गेलात आणि आत आलात, बस. पण वर्षानुवर्षं असे शिक्के साठलेला पासपोर्ट हातात घेतल्यावर अधिकाऱ्याला प्रश्न पडायचा तो पडलाच, की हा पर्यटक कसला? २०१६ संपताना विनाव्हिसा प्रवेश जमिनीच्या सीमेवरून वर्षातून दोनदाच, अशी मर्यादा आली. विमानानं येणाऱ्यांना असा आकडा तेव्हा घातला गेला नाही. तिथं अधिकाऱ्याला काय वाटतं यावर सोडलं.

आणि ‘काय वाटतं’ यावर सोडलेली गोष्ट किती लांब जाते, ते अमेरिकेच्या कायद्यात कलम २१४(ब) वाचलं की कळतं. त्याचा आशय असा: व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस कायमचं राहायलाच येतोय असं गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे त्यानं पटवून द्यायचं. गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीला आधी निर्दोष धरतात. इथं गाडी उलट्या दिशेनं निघते. पटवायचं कसं? परत ओढून आणणारे धागे दाखवून. नोकरी, घर, शेती, मुलंबाळं. आता साठी ओलांडलेल्या माणसाकडे बघा. नोकरी संपलेली, मुलं तिकडेच, जोडीदार कदाचित गेलेला, मोठं घर आवरेना म्हणून विकून लहान घेतलेलं. वय वाढण्याची जी साधी लक्षणं, ती सगळी या तराजूत संशयाच्या पारड्यात पडतात. जिला मुलांची भेट सर्वांत जास्त हवी, तिच्याकडे परतण्याचा पुरावा सर्वांत कमी.

ब्रिटनचा नियम वरवर जास्त सभ्य आहे. एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहा, व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळेल. पण वारंवार किंवा लागोपाठ भेटी देऊन ब्रिटनमध्येच दीर्घकाळ राहू नका, त्याला मुख्य घर करू नका. वारंवार म्हणजे किती? लागोपाठच्या दोन भेटींत अंतर किती ठेवायचं? नियमात आकडा नाही. वर्षातले १८० दिवस चालतात अशी एक समजूत लोकांत पक्की रुजली आहे, ती नियमात शोधूनही सापडत नाही. मला हे फार जाचक वाटतं. एखाद्या बाईनं पाच महिने राहून मुदतीच्या आत परतावं, काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पुन्हा मुदतीच्या आत परतावं, असं कित्येक वर्षं करावं, तर तिनं प्रत्येक वेळी नियम पाळलेला असतो. त्या पाळण्याचीच यादी एक दिवस तिच्यापुढे ठेवली जाते आणि विचारलं जातं, की बाई, तुम्ही नक्की राहता कुठे?

असा प्रसंग मी रांगेत अगदी जवळून पाहिलाय. माझ्या पुढे एक वृद्ध जोडपं होतं. अधिकारी तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता, पानं उलटत शांतपणे विचारत होता. मागच्या वेळी पाच महिने, त्याआधीही तेवढेच. मग तुमच्या देशातल्या घराकडे कोण बघतं? आजोबांनी काहीतरी उत्तर दिलं. आजी मोकळेपणानं म्हणाल्या, मुलगी आणि जावई दोघं कामावर जातात, नातू लहान आहे, त्याला सांभाळायला येतो आम्ही. त्यांच्या दृष्टीनं यापेक्षा पवित्र कारण नव्हतं. अधिकाऱ्याचा हात मात्र तिथंच थांबला. कारण व्हिजिटर व्हिसावर काम करायला बंदी, आणि आजीनं नातवाला सांभाळणं ही भेट की बिनपगारी काम, ही रेघ ओढणं त्याच्या हाती. त्यांना बाजूच्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं सोडलं, प्रवेश मिळाला. पण तो अर्धा तास आजींचा चेहरा असा होता, की आपण नक्की काय वाईट बोललो ते त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

याच ब्रिटननं जुलै २०१२ मध्ये आईवडिलांना कायमचं आणण्याचा रस्ता जवळपास बंद केला. रोजच्या अंघोळी-जेवणासाठी दुसऱ्याची मदत लागते आणि ती मायदेशात पैसे मोजूनही मिळत नाही, असं सिद्ध झालं तरच परवानगी. थोडेफार हिंडते-फिरते असाल तर अपात्र. म्हणजे कायमचं यायचं म्हटलं तर पुरेसे आजारी नाही, आणि जाऊन-येऊन राहावं म्हटलं तर मुख्य घर करताय. इकडे आड, तिकडे विहीर.

गंमत म्हणजे सरकारचंच एक दुसरं खातं याच माणसाला आपला मानायला टपलेलं असतं. ते खातं कराचं. बऱ्याच देशांत वर्षात १८३ दिवसांच्या आसपास मुक्काम झाला की तुम्ही करापुरते तिथले रहिवासी ठरता. अमेरिकेचं सूत्र तर तीन वर्षांचं आहे: या वर्षाचे सगळे दिवस, गेल्या वर्षाचे एक-तृतीयांश, त्याआधीच्या वर्षाचे एक-षष्ठांश; बेरीज १८३ झाली आणि या वर्षी निदान ३१ दिवस असाल तर सापडलात, पुढे दोन देशांमधल्या करविषयक करारातल्या सवलती शोधत बसा. दरवर्षी चार-साडेचार महिने राहणाराही या बेरजेत बसू शकतो. इमिग्रेशनच्या खिडकीवर ज्यानं ‘मी इथला नाही’ हे पटवून दिलं, त्यानं कराच्या फॉर्मवर ‘मी इथला नाही’ हे पुन्हा पटवून द्यायचं, आणि दोन्हीकडे पुरावे वेगळे.

व्हिसा ही गोष्ट फार जुनी नाही, हे इथं सांगावंसं वाटतं. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी कागदांशिवाय हिंडता येई. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य हे ठळक अपवाद. युद्धात हेरांच्या भीतीनं बंधनं आली, आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद भरवून पासपोर्टाचा नमुना ठरवला तेव्हाही पूर्वीची मोकळीक परत यावी ही भाषा होती. ती आली नाही. त्याच १९२० मध्ये झालेल्या एका करारामुळे आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर आजही राहायला व्हिसा लागत नाही. स्वतःचा खर्च स्वतः भागवता आला म्हणजे झालं. फक्त तिथं जाणारं विमान नॉर्वेहून सुटतं, नॉर्वे शेंगेनमध्ये आहे आणि ही बेटं शेंगेनबाहेर, त्यामुळे ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांना तो दोन प्रवेशांचा काढूनच या व्हिसामुक्त बेटावर जावं लागतं.

२०२० मध्ये विमानं बंद झाली तेव्हा मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्या तारखा एका दिवसानं हलत नव्हत्या त्या एका परिपत्रकानं महिनोन् महिने पुढे गेल्या. भारतानं अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसा वाढवले, थायलंडनं दंड थांबवला. कुठल्याही देशावर आभाळ कोसळलं नाही. विमानं सुरू झाली, बहुतेक लोक गेले.

त्याच सुमारास काही देशांना मधल्या माणसासाठी चौकट करावीशी वाटली. बार्बाडोसनं जुलै २०२० मध्ये बारा महिन्यांचा परवाना काढला, पाठोपाठ एस्टोनियानं डिजिटल नोमॅड व्हिसा आणला. लॅपटॉपवाल्यांची सोय झाली, कारण त्यांच्याकडे पैसे असतात. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर राहायचं तर बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५,००० बाटांचं उत्पन्न दाखवा, शिवाय दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवा. आईवडिलांसाठी म्हणून एक चौकट कॅनडानं याच्या बरीच आधी काढली होती. डिसेंबर २०११ मध्ये सुपर व्हिसा आला, त्यात एका भेटीत दोन वर्षं राहता येई. जुलै २०२२ पासून पाच वर्षं. निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा आणि मुलाचं उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर हवं. विम्याचे हप्ते वयाबरोबर चढतात, आधीच्या आजारांची कलमं जिवावर येतात, गरीब मुलांच्या आईवडिलांना हा रस्ता नाहीच. तरीही मी त्याला मान देतो. आई येणार म्हणजे लांबच्या मुक्कामाला येणार, हे तिथं अर्जातच धरलेलं आहे. तिला पर्यटक असल्याचं नाटक करावं लागत नाही.

युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांची जागा नोंदयंत्रणा घेऊ लागली, आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या बाह्य सीमांवर लागू करायचं वेळापत्रक ठरलं. बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची तारीख. नव्वद दिवसांचा हिशेब आता यंत्र करील. अनेक जण यामुळे धास्तावलेत. मला यात बरंच बरं दिसतं. पुसट शिक्क्यावरून वाद घालायला नको, आणि बाहेर पडताना कुणी शिक्का मारायला विसरलं म्हणून आपणच ओव्हरस्टेवाले ठरायला नको. हिशेबाचा प्रश्न असा बराचसा सुटेल. कशासाठी आलात, हे विचारायला मात्र माणूस तसाच खिडकीत बसलेला असणार.

त्याला काय सांगायचं, याबद्दल अनुभवी लोक नव्यांना एक सल्ला देतात तो मला पटत नाही. कमी सांगा, म्हणतात. पाच महिने राहायचं असलं तरी तीन आठवडे म्हणा, परतीचं तिकीट तसं दाखवा, मग बदला. हा मोह नियमांनीच तयार केलाय हे खरं. पण शिक्षांचं मोजमाप बघा. अमेरिकेत दिवस जास्त झाले तर तीन किंवा दहा वर्षं. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर कायमची बंदी येऊ शकते. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक केली तर दहा वर्षं. म्हणून मी पाच महिन्यांना पाच महिनेच म्हणतो, कोणाकडे आणि कशाला ते लिहून एक साधं पत्र जोडतो, आणि मागच्या प्रत्येक भेटीच्या येण्याजाण्याच्या तारखा बोर्डिंग पाससकट फाइलमध्ये ठेवतो. पाच मागितले आणि तीन मिळाले असंही झालंय. मग तीन राहून आलो, आणि पुढच्या अर्जात तेही लिहिलं.